गावाच्या मालकीचा उद्योग : आधी विचारा, मग हिशेब द्या

गावाने स्वतःच्या मालकीचा उद्योग चालवणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. गावठाणातल्या चिंचांचा लिलाव, पाझर तलावातली मासेमारी, आठवडी बाजाराची जागापट्टी, ग्रामपंचायतीचे गाळे, ही गावाच्या मिळकतीची जुनी साधनं. आता त्यांत शुद्ध पाण्याचं केंद्र, पिठाची गिरणी, डाळमिल, अवजारे बँक, रोपवाटिका आणि गांडूळखताची भर पडली आहे. किनाऱ्यावरच्या किंवा गडाच्या पायथ्याच्या गावांत पर्यटकांच्या राहण्या-जेवणाची सोयही गावं सामूहिकरीत्या करू लागली आहेत. यातले काही उद्योग उत्तम चालतात. पण उद्घाटनाची कोनशिला चकचकीत आणि दाराला गंजलेलं कुलूप, असं पाणीकेंद्रही तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असतं.

बंद का पडलं असं विचारलं, की मोटार जळली, ऑपरेटर सोडून गेला, वीजबिल थकलं, अशी उत्तरं मिळतात. ती खोटी नसतात. पण मोटार खासगी गिरणीवाल्याचीही जळते. तो दोन दिवसांत ती बांधून आणतो, कारण मोटार त्याची असते. गावाची मोटार जळली की ती नेमकी कोणाची, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर गावाकडे नसेल तर कुलूप लागतं.

सहकारी दूध संस्थेत किंवा साखर कारखान्यात सभासदाकडे भागाचा दाखला असतो. वार्षिक सभेचा अहवाल त्याच्या घरी येतो, लाभांश मिळतो. ग्रामपंचायतीच्या उद्योगात असा कागद कोणाकडेच नसतो. मालक सगळे, पण मालकीचा पुरावा एकाच्याही हातात नाही. तो पुरावा दोनच गोष्टींतून तयार होतो : उद्योग सुरू होण्याआधी आपल्याला विचारलं होतं का, आणि सुरू झाल्यावर आपल्याला हिशेब मिळतो का. म्हणून गावाशी बोलणं हे या उद्योगाचं भांडवलच आहे, आणि ते यंत्राच्या आधी उभं करावं लागतं. सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्रामसंघाच्या पदाधिकारी ताई, तुम्हा सर्वांसाठी हा लेख आहे.

कायद्याची पायरी आणि तिच्या पुढचं काम

73 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय आहेत. लघुउद्योग, खादी-ग्रामोद्योग व कुटिरोद्योग, गौण वनोपज, बाजार व जत्रा हे त्यांतलेच. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा कारभार 1958 च्या अधिनियमाने चालतो. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते.

या शेवटच्या नियमाकडे जरा थांबून पाहा. तुमच्या गावात 3,000 मतदार असतील तर 15 टक्के म्हणजे 450. पण 100 हा आकडा कमी, म्हणून 100 माणसांवर सभा कायदेशीर ठरते. म्हणजे तिसांतला एक जण हजर असताना गावाचे लाखो रुपये एखाद्या यंत्रात घालायचा ठराव मंजूर होऊ शकतो. कागद पूर्ण असतो, लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप येत नाही. उरलेल्या एकोणतीस जणांना मात्र त्या यंत्राविषयी काहीच वाटत नाही. कायद्याने घातलेली अट ही पहिली पायरी आहे. तुम्हाला गाठायचे आहेत ते उरलेले एकोणतीस.

पहिली चर्चा ग्रामसभेत करू नका

हे ऐकायला उलटं वाटेल. पण ग्रामसभेत विषय पहिल्यांदा कानावर पडला तर माणसं एक तर गप्प बसतात, नाहीतर जुनी भांडणं उकरतात. मांडवाखाली पुढच्या खुर्च्यांवर कोण बसतं, मागे भिंतीला टेकून कोण उभं राहतं आणि दारातूनच कोण परत जातं, हे तुम्हाला माहीत आहे. त्या मांडणीत नव्या विषयावर मोकळं बोलणं होत नाही.

म्हणून ग्रामसभेच्या महिना-दीड महिना आधी, लोक जिथे एरवीही जमतात तिथे तुम्ही जा. सकाळी दूध संकलन केंद्रावर, संध्याकाळी पारावर, बचत गटाच्या साप्ताहिक बैठकीत, रोजगार हमीच्या कामावर जेवणाच्या सुट्टीत, प्रत्येक वाडीत, प्रत्येक वस्तीवर. ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामुळे बहुतेक गावांत स्वयंसहाय्यता समूह आणि त्यांचा ग्रामसंघ आहे. पैशांविषयी, कर्जाविषयी, परतफेडीविषयी दर आठवड्याला नोंदवही उघडून बोलण्याची सवय गावात कोणाला असेल तर ती या बायकांना. उद्योगाची पहिली चर्चा त्यांच्यासमोर झाली तर अर्धं काम तिथेच होतं. एरवी महिला सभा पुष्कळदा सह्यांपुरती उरते. ती ग्रामसंघाच्या बैठकीला जोडून, स्वयंपाकाची वेळ टाळून, अंगणवाडीत किंवा मंदिराच्या ओट्यावर घ्या, आणि तिथे उठलेला प्रत्येक प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत वाचून दाखवा.

काय विचारता यालाही महत्त्व आहे. ‘गावात गिरणी हवी का?’ असं विचारलंत तर सगळे ‘हो’ म्हणतील. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला नको कोण म्हणेल? त्या होकारावर धंदा उभा राहत नाही. त्याऐवजी विचारा : दळण आत्ता कुठे नेता? किलोला किती देता? आठवड्यातून किती वेळा? लाईट नसते तेव्हा काय करता? नवी गिरणी निघाली तर तिथे याल का, आणि येणार नसाल तर का? या शेवटच्या प्रश्नावर थोडा वेळ गप्प बसा. खरी माहिती तिथे येते. एखादी म्हणते, ती जागा वरच्या आळीत आहे, डोक्यावर डबा घेऊन तेवढा चढ मला होत नाही. दुसरी म्हणते, तिथे पुरुष बसलेले असतात. दलित वस्तीतली एखादी बाई काहीच बोलत नाही, आणि तिचं न बोलणं तुम्हाला समजलं पाहिजे. पाण्याचं केंद्र किंवा गिरणी कोणाच्या दारासमोर उभी राहते, त्यावर तिथे कोण येणार आणि कोण येणार नाही हे ठरतं. ‘सगळ्यांसाठी खुलं’ अशी पाटी लावल्याने ते बदलत नाही. जागेचा निर्णय या बैठकांनंतर घ्या, आधी घेऊ नका.

आणखी एक प्रश्न सुरुवातीलाच विचारायला हवा : तोटा झाला तर? नफ्याचं काय करायचं यावर गाव तासभर बोलतं, तोट्यावर बोलायला कोणी तयार नसतं. पण पहिल्या वर्षी तोटा होणारच असं धरून बोला. तो किती महिने सोसायचा, कोणत्या पैशातून सोसायचा आणि कुठल्या टप्प्यावर थांबायचं, हे आधी बोललेलं असेल तर पुढे आरोपांना जागा कमी उरते.

गाव गावात असेल तेव्हा विचारा

बीड, धाराशिव, अहिल्यानगर जिल्ह्यांच्या ऊसतोड पट्ट्यात दिवाळीच्या सुमाराला निम्मं गाव कोयता घेऊन बाहेर पडतं आणि उन्हाळ्यात परततं. अशा गावात 26 जानेवारीच्या ग्रामसभेत उद्योगाचा ठराव झाला तर ज्यांना रोजगाराची सर्वांत जास्त गरज आहे तेच त्या वेळी फडात असतात. तिथे असे विषय 15 ऑगस्टच्या सभेला ठेवा. गडचिरोली-गोंदियाकडे मे महिन्यात माणसं पहाटेपासून तेंदूपानांच्या मागे असतात. तेव्हा 1 मेच्या सभेत मोठा निर्णय घेऊ नका. पेरणीच्या तोंडावर तर कुठेच घेऊ नका.

कोकणात वेगळी गोष्ट असते. तिथे गावाच्या निर्णयात मुंबईकर चाकरमान्यांचा शब्द वजनदार असतो. मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ वर्गणी पाठवतं, देवळाचा जीर्णोद्धार करतं, वाडीतल्या रस्त्यासाठी पाठपुरावा करतं. त्यांतल्या अनेकांची नावं मात्र मुंबईच्या मतदारयादीत असतात, म्हणजे ते ग्रामसभेचे सदस्य नसतात. त्यांना डावललं तर ते दुखावतात, आणि त्यांच्यावरच सोडलं तर वर्षभर गावात राहणाऱ्या बाया-माणसांचा आवाज दबतो. गणपतीत आणि शिमग्याला ते गावी येतात तेव्हा त्यांच्याशी सविस्तर बोला, बाजारपेठ, वेष्टन, मुंबईतली विक्री यांत त्यांची मदत मागा. निर्णय मात्र ग्रामसभेतच घ्या आणि हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा. स्पष्ट सांगितलेलं माणसं समजून घेतात.

ज्याच्या पोटावर पाय येतो तो

गावात आधीच एखाद्याची गिरणी आहे, कोणी पाण्याचे जार विकतो, कोणी ट्रॅक्टर भाड्याने देतो. ग्रामपंचायत त्याच धंद्यात उतरली की त्याच्या घरात काय चर्चा होईल याचा विचार करा. तो ग्रामसभेत उघड विरोध करणार नाही. पण पाच घरांत जाऊन बोलेल, पुढच्या निवडणुकीत तर नक्कीच बोलेल. त्याच्याकडे सर्वांत आधी जायला हवं, तेही सरपंच आणि दोन वडीलधारी माणसं मिळून, त्याच्या घरी. ‘अण्णा, गावात असा विचार चाललाय, तुम्हाला काय वाटतं?’ एवढं विचारल्याने पुष्कळ गाठी सुटतात. चालवण्याचं काम करारावर त्यालाच देता येईल का? तो देत नाही ती सेवा, म्हणजे डाळ, मसाला किंवा तेलघाणा, गावाने सुरू केली तर? आणि तो रास्त दरात चांगलं काम करत असेल तर गावाने त्या धंद्यात पडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जे गावात मिळत नाही, किंवा मिळतं पण गरिबाला परवडत नाही, तिथेच गावाच्या पैशाला काम आहे.

मेंढ्याचा अभ्यास गट

बोलण्यातून गावाचा उद्योग कसा उभा राहतो याचं महाराष्ट्रातलं सर्वांत ठसठशीत उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा सर्वांना ठाऊक आहे. वनहक्क कायद्याखाली 2009 साली या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागत होता, आणि तो वनविभागाच्या हातात होता. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तिथून पुढे ग्रामसभा स्वतः बांबू तोडू लागली, विकू लागली, मजुरी देऊ लागली, हिशेब ठेवू लागली.

बातम्यांत आला तो परवान्याचा सोहळा. पण त्यामागे कित्येक वर्षांचा सराव होता. देवाजी तोफा आणि गावकरी, आणि त्यांच्यासोबत मोहन हिराबाई हिरालाल, यांनी तिथे अभ्यास गटाची पद्धत रुजवली. एखाद्या विषयाची माहिती घ्यायला, त्याच्या सगळ्या बाजू तपासायला ज्याला रस आहे त्याने बसायचं. बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचं. तिथे निर्णय घ्यायचा नाही. तिथे फक्त समजून घ्यायचं. निर्णय ग्रामसभा घेते, आणि तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. कोणी अडला तर विषय पुढे ढकलला जातो, पुन्हा बोलणं होतं.

समजून घेण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवणं ही मला या पद्धतीतली सर्वांत घेण्यासारखी गोष्ट वाटते. एकाच बैठकीत माहितीही द्यायची आणि मंजुरीही घ्यायची, असं केलं की माहिती देणारा आपोआप वकिली करू लागतो. यंत्राची किंमत सांगतो, देखभालीचा खर्च सांगायचा राहून जातो. तुमच्या गावात सर्वसहमती जमणार नाही कदाचित. मोठी, अनेक जातींची, दोन-तीन गटांत वाटलेली गावं तेवढी सोपी नसतात. पण उद्योगासाठी दहा-बारा जणांचा अभ्यास गट तर बसवता येईल : ग्रामसंघाच्या दोघी, हिशेब कळणारा एखादा शिक्षक, एक तरुण, विरोधी गटातला एक माणूस नक्की, आणि शक्य झालं तर असाच उद्योग चालवणाऱ्या शेजारच्या गावातला कोणी. यांनी तिथे जाऊन यंत्र पाहायचं, वीजबिलं पाहायची, बंद का पडतं ते विचारायचं, आणि ग्रामसभेत फक्त माहिती मांडायची.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्टही सांगायला हवी. 2012 मध्ये तिथल्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूचा व्यवसाय सुरू झाला. तेंदूपानांतही पैसा होता. तरी तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलात आगी लावल्या जातात, म्हणून गावाने चर्चा करून तेंदूचा हंगाम सोडून दिला. वरून आलेल्या योजनेत असा निर्णय कधीच लिहिलेला नसतो. गावाला खरोखर विचारलं तरच तो निघू शकतो, कारण समोर दिसणारी मिळकत नाकारायचा अधिकार फक्त मालकाला असतो.

देशाबाहेर पाहिलं तर, गावाच्या मालकीचे उद्योग नाव घेऊन कायद्यात बसवले आहेत ते इंडोनेशियाने. तिथल्या 2014 च्या ग्राम कायद्यानुसार गाव स्वतःची व्यवसाय संस्था काढू शकतं, आणि ती काढण्याचा निर्णय गावाच्या विचारविनिमय सभेत व्हावा लागतो. मध्य जावातल्या पोंगोक गावाने आपल्या झऱ्याच्या तळ्यावर पर्यटन उभं करून नाव कमावलं. पण तिथेही अनेक गावांत अशी संस्था निघाली ती वरून निधी येणार म्हणून, आणि कागदावरच राहिली. कायदा चांगला असला तरी गावातलं बोलणं गावालाच करावं लागतं.

ग्रामसभेच्या दिवशी

आधीच्या बैठका नीट झाल्या असतील तर ग्रामसभेत फार वेळ लागत नाही. अर्ध्या पानाचा, मोठ्या अक्षरांतला कागद आठवडाभर आधी चावडीवर, रेशन दुकानात, शाळेत, प्रत्येक वाडीत लावा. दवंडी द्या, ध्वनिक्षेपकावरून सांगा. भाषा साधी ठेवा. ‘प्रस्तावित प्रकल्पाच्या प्रशासकीय मान्यतेबाबत’ असं लिहिलंत तर कोणी थांबून वाचणार नाही. ‘गावाची डाळमिल काढायची का, काढली तर पैसे कुठून आणायचे, यावर निर्णय’ असं लिहा. अहिराणी, कोरकू, वारली, गोंडी बोलणाऱ्या पाड्यांवर त्या बोलीत सांगणारा माणूस पाठवा, आणि सभेतही त्या बोलीत बोलायला वेळ ठेवा.

एक सवय आजपासून लावून घ्या : ठराव तिथेच लिहा आणि सभा संपण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा. इतिवृत्त नंतर ‘सावकाश’ लिहायची पद्धत गावोगाव आहे आणि अविश्वासाचं मोठं मूळ तिथेच आहे. लोकांनी म्हटलं एक आणि वहीत उतरलं दुसरं, असा संशय एकदा आला की पुढचा प्रत्येक ठराव त्याच नजरेने पाहिला जातो. ठरावात सूचक-अनुमोदकांच्या नावांसोबत हेही असू द्या : पैसा कोणत्या निधीतला, रोजचा कारभार कोण पाहणार, दर कोण ठरवणार आणि ते बदलायचे तर कोणाला विचारून, हिशेब कोणत्या तारखेला कुठे लागणार, आणि नफा उरला तर तो आधी कशासाठी जाणार.

नफ्याच्या वापराबद्दल गावाला कळेल असं एकच वाक्य शोधा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोदा गावात भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात कर भरणाऱ्या कुटुंबाला ग्रामपंचायतीच्या गिरणीत मोफत दळण मिळू लागलं. कर भरा, दळण फुकट. त्यासाठी पत्रक वाचावं लागत नाही. घरातल्या बाईला ते पहिल्यांदा ऐकून कळतं, आणि कर थकला तर तीच घरात विचारते.

फलक

आता सर्वांत कमी केली जाणारी आणि सर्वांत जास्त उपयोगाची गोष्ट. गावची यात्रा आठवा. कमिटी वर्गणी गोळा करते, तमाशा, कुस्त्या, मंडप, प्रसाद यांवर खर्च करते, आणि यात्रा संपली की देवळाच्या भिंतीवर जमाखर्च लागतो. कोणी किती दिले, पहिलवानांना किती गेले, शिल्लक किती. कोणी सक्ती केलेली नसते, तरी तो लागतो, आणि लोक उभं राहून वाचतात. गावाला सार्वजनिक पैशाचा हिशेब वाचायची सवय आहे. ग्रामपंचायतीने ती वापरलेली नाही.

समजा तुमचं शुद्ध पाण्याचं केंद्र आहे. वीस लिटरला 5 रुपये. उन्हाळ्यात रोज 250 जार जातात, म्हणजे महिन्याला 37,500 रुपये जमा. वीज 9,000, ऑपरेटरचं मानधन 9,000, रसायनं व किरकोळ दुरुस्ती 3,000, आणि पाणी गाळणारा पडदा (मेंब्रेन) व पंप बदलण्यासाठी बाजूला ठेवायचे 5,000. खर्च 26,000, शिल्लक 11,500. पावसाळ्यात लोक विहिरीचं, बोअरचं पाणी पितात. जार रोज 100 वर येतात. जमा 15,000. वीज आणि रसायनांचा खर्च कमी झाला तरी एकूण खर्च 22,000 च्या आसपास राहतो. म्हणजे महिन्याला 7,000 चा तोटा. फलकावर फक्त एप्रिलचा आकडा लावला आणि जुलैचा लपवला तर ‘एवढे पैसे जातात कुठे’ ही कुजबुज सुरू होते. दोन्ही लावले तर उन्हाळ्याची शिल्लक पावसाळ्यासाठी राखावी लागते हे कोणी न सांगता समजतं. बाजूला ठेवलेल्या पाच हजारांची ओळ तर नक्की लिहा. अनेक केंद्रं बंद पडतात ती हीच ओळ नसल्याने.

फलक पाणी घ्यायला येणाऱ्याच्या नजरेसमोर असावा, ग्रामपंचायतीच्या आतल्या खोलीत नाही. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बदलावा. पाच-सहा ओळींपेक्षा जास्त नको. खडूने लिहिला तरी चालेल. तो लिहिण्याचं काम ऑपरेटरला देऊ नका आणि सरपंचांनीही करू नका. ग्रामसंघाच्या लिपिका किंवा शाळेतली मोठी मुलं हे काम चोख करतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा ध्वनिक्षेपकावर तेच आकडे सांगा.

आकडे गावासमोर ठेवल्याने गावाचं वागणं बदलतं, हे हिवरे बाजारने दाखवलं आहे. तिथे पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो, आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. कमी पावसाच्या वर्षी उन्हाळी पिकांचं पाणी तोडायचा निर्णय लोक मान्य करतात, कारण मोजमाप त्यांच्यासमोर झालेलं असतं. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाचं श्रेय मोठं आहेच. पण नेत्याचा शब्द आणि डोळ्यांसमोरचा आकडा एकत्र आले म्हणून हे वागणं टिकलं.

व्हॉट्सॲप, तक्रारी आणि वाईट बातमी

गावाचा व्हॉट्सॲप गट सोयीचा आहे, पण त्यावर टाकलं म्हणजे गावाला सांगितलं असं समजू नका. घरातला फोन बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. म्हाताऱ्यांकडे साधा फोन असतो. आणि ज्या गटात फक्त ॲडमिन लिहू शकतो तिथे विचारणं होतच नाही. यंत्र बंद आहे, उद्या नऊला सुरू होईल, अशा सूचनांसाठी तो वापरा. लेखी मजकुरापेक्षा गावच्या बोलीतला अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश जास्त पोचतो.

तक्रार कोणाकडे करायची, हे एका नावाने आणि एका वेळेने सांगा. ‘ग्रामपंचायतीत कळवा’ एवढं पुरत नाही. तक्रार आली की वहीत नोंद, आणि काय केलं ते पुढच्या फलकावर एका ओळीत. ‘पाण्याला वास येतो अशी तिघांची तक्रार, टाकी 12 तारखेला धुतली’ ही ओळ वाचून माणूस पुन्हा जार घेऊन येतो.

वाईट बातमी मात्र तुम्ही स्वतः, सर्वांच्या आधी सांगा. मोटार जळली, खरेदीत चूक झाली, व्यापाऱ्याने पैसे बुडवले, रकमेत फरक आला, हे चहाच्या टपरीवर कळण्याआधी तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. दोन दिवसांत विशेष बैठक बोलवा, कागद सोबत ठेवा, काय झालं आणि आता काय करायचं हे सांगा. लोक चिडतील. चिडू द्या. ज्याला ती वस्तू आपली वाटते तोच चिडतो, आणि त्याच रागातून दुरुस्तीची वर्गणी उभी राहते.

पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेतल्या विस्तार अधिकाऱ्यांनाही एक विनंती. मार्चअखेरचं उद्दिष्ट घेऊन गावात गेलात की गाव तुम्हाला हवं तेच बोलतं. योजनेचं पत्रक पिशवीतच ठेवून आधी गावाच्या एका बैठकीत नुसते बसा. गावाला गिरणी नको, गोदाम हवं आहे, हे तिथेच कळेल, आणि ते लिहून वर पाठवण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे.

सत्ता बदलते तेव्हा

ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांची. पॅनेल बदललं की आधीच्यांनी सुरू केलेला उद्योग ‘त्यांचा’ ठरतो, किल्ली मिळत नाही, दप्तर अपुरं सापडतं, आणि चालता उद्योग सहा महिन्यांत थांबतो. याची तयारी निवडणुकीच्या आधी करा. मुदत संपण्यापूर्वीच्या शेवटच्या ग्रामसभेत उद्योगाची मालमत्ता, येणं, देणं, बँकेतली शिल्लक आणि चालू करार वाचून ठरावात नोंदवा. त्याची एक प्रत ग्रामसंघाकडे द्या, कारण निवडणुकीने ग्रामसंघ बदलत नाही. रोजचा कारभार पाहणाऱ्या समितीत दोन्ही गटांची माणसं सुरुवातीपासून ठेवली असतील तर किल्लीचा प्रश्नच येत नाही. आणि नव्या सरपंचांनी पहिल्याच ग्रामसभेत तोच कागद पुन्हा वाचावा, यंत्र आणि शिल्लक कागदाप्रमाणे आहे की नाही ते गावासमोर पाहून घ्यावं, आणि त्या महिन्याचा फलक ठरलेल्या तारखेलाच लावावा.